अतसी : एक वनस्पती, अनेक रूपे आणि औषधालयातील विवेक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मलावष्टंभ व संधिशूलाने त्रस्त असलेल्या एका मध्यमवयीन रुग्णास आम्ही ‘अळशीचे तेल, रात्री एक चमचा, कोमट पाण्यासह’ असे लिहून दिले. आठवड्याने हा गृहस्थ मळमळ, उदरदाह व अरुची घेऊन परत आला. सोबत आणलेला डबा पाहिला तेव्हा उलगडा झाला. ते तेल त्याने रंगाच्या दुकानातून घेतले होते व डब्यावर ‘डबल बॉइल्ड’ असे स्पष्ट छापलेले होते. दुकानदाराची चूक नव्हती. त्याने मागितलेली वस्तू दिली. रुग्णाचीही नव्हती, त्याने चिठ्ठीतील शब्द वाचला. चूक चिठ्ठी लिहिणाऱ्याची होती. सुदैवाने तेल बंद करताच व लघु आहारावर ठेवताच तक्रारी शमल्या. परंतु एकाच नावाखाली किती भिन्न वस्तू बाजारात वावरतात, याची जाणीव त्या डब्याने करून दिली. प्रस्तुत लेख त्या जाणिवेतून लिहीत आहे.

नाम व ओळख

अतसी, उमा, क्षुमा, नीलपुष्पी, पार्वती ही या वनस्पतीची संस्कृत नावे. मराठीत जवस व अळशी ही दोन्ही नावे रूढ आहेत. लिनियसने १७५३ मध्ये तिला ‘लिनम युसिटाटिसिमम’ हे नाव दिले. त्यातील दुसऱ्या पदाचा अर्थ ‘अत्यंत उपयुक्त’ असा आहे, आणि हे विशेषण या वनस्पतीने पुरेपूर सार्थ केले आहे.

नामसाम्यामुळे होणारे घोटाळे मात्र ध्यानात ठेवावेत. ‘अळशी’ व ‘अळीव’ हे शब्द घाईच्या हस्ताक्षरात सहज एकमेकांची जागा घेतात. अळीव म्हणजे चंद्रशूर. त्याचे बी लहान, लांबट व तांबूस असते. जवसाचे बी चपटे, गुळगुळीत, चकाकणारे व एका टोकास किंचित वाकलेले असते. दोन्ही बिया पाण्यात बुळबुळीत होतात, म्हणून केवळ त्या परीक्षेवर विसंबू नये. बंगालमध्ये ‘अतसी’ या नावाने पिवळ्या फुलांची, तागाच्या वर्गातील वनस्पती ओळखली जाते. शण म्हणजे ताग व क्षुमा म्हणजे जवस हा भेदही टीका वाचताना सुटू देऊ नये.

सौंदर्य व वैविध्य

माघाच्या सुमारास विदर्भातील काळ्या रानात जवस फुलावर येतो. सकाळी आठ-नऊच्या उन्हात त्या शेताकडे पाहावे. हातभर उंचीची कोवळी, बारीक पानांची रोपे आणि त्यांवर पाच पाकळ्यांची निळी फुले. वारा आला की सारे शेत पाण्यासारखे हलते. विष्णूच्या वर्णाला या फुलाची उपमा का दिली गेली, हे तेथे उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. हे वैभव अल्पायुषी असते. उन्हे तापली की पाकळ्या गळू लागतात व दुपारी तेच शेत साधे हिरवे दिसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी फुले. फुलामागून येणारे बोंड गोल असते व त्यात जास्तीत जास्त दहा बिया असतात.

लिनम या प्रजातीत सुमारे दोनशे जाती आहेत. अल्जीरियाकडील रक्तवर्णी फुलांची जाती व बहुवर्षायू निळी जाती बागांतून लावतात. आपल्याकडील डोंगरउतारांवर पावसाळ्यानंतर दिसणारी लहान, पिवळ्या फुलांची लिनम मायसुरेन्स ही जवसाचीच रानटी भगिनी होय. औषधासाठी ती जवसाच्या जागी घेऊ नये.

लागवडीखालील जवसातही दोन स्पष्ट कुळे आहेत. धाग्याचा जवस उंच, सरळ व कमी फांद्यांचा असतो. त्यास थंड व दमट हवा मानवते, म्हणून उत्तर फ्रान्स व बेल्जियमच्या किनारपट्टीत तो उत्तम येतो. तेलाचा जवस ठेंगणा व बहुशाखी असतो. भारतातील बहुतेक लागवड याची आहे. गॅब्रिएल हॉवर्ड व अब्दुर रहमान खान यांनी १९२४ मध्ये भारतीय जवसाच्या प्रकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गंगेच्या गाळाच्या जमिनीतील जवस उथळ मुळांचा व बारीक दाण्याचा, तर द्वीपकल्पातील काळ्या मातीतला खोल मुळांचा व टपोऱ्या दाण्याचा असतो, हा भेद त्यांनी दाखविला. भूमीचा गुण द्रव्यात उतरतो, या आपल्या सिद्धान्ताचे हे चांगले उदाहरण म्हणता येईल.

आपल्या राज्यात नागपूर व लातूर येथील संशोधनातून एनएल-९७, एलएसएल-९३ असे वाण आले. पूर्व विदर्भात उभ्या धानाच्या बांधीत, कापणीपूर्वीच, उरलेल्या ओलीवर जवस फेकण्याची उतेरा पद्धत आहे. मात्र गेल्या काही दशकांत जवसाचे क्षेत्र झपाट्याने आकसले असून ती जागा हरभरा, गहू आदी पिकांनी घेतली आहे.

शास्त्रातील अतसी

सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या अन्नपानविधीत अतसी ही मधुररसात्मक, उष्ण, कटुविपाकी, वातघ्न व पित्तवर्धक सांगितली आहे. भावप्रकाशाने धान्यवर्गात तिला मधुर-तिक्त, स्निग्ध, गुरु व उष्ण म्हटले आहे आणि त्याचबरोबर ती दृष्टी व शुक्र यांना अहितकर असल्याचेही नोंदविले आहे. अतसीची स्तुती करणारे अनेक लेख आज वाचावयास मिळतात. त्यांतून हे शेवटचे वचन बहुधा गाळलेले असते.

बाह्योपचारात तिचे स्थान निर्विवाद आहे. चरकांनी स्वेदाध्यायात उपनाहाच्या द्रव्यांत उमेचा समावेश केला आहे. सुश्रुतांच्या मिश्रक अध्यायात शोथाचे पाचन करणाऱ्या उष्ण द्रव्यांत अतसी आहे. व्रणबंधनासाठी क्षौम वस्त्र व सीवनासाठी क्षौमसूत्र हेही सुश्रुतांनीच सांगितले. म्हणजे गळू पिकविणारे पोटीस, जखम शिवणारा दोरा व तीवर बांधावयाची पट्टी, ही तिन्ही एकाच वनस्पतीपासून सिद्ध होत असत.

आधुनिक दृष्टीने

जवसाच्या बियांत साधारणपणे ३५ ते ४५ टक्के तेल, सुमारे २० टक्के प्रथिने व भरपूर तंतू असतात. तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतिजन्य ओमेगा-३ चा असतो. मत्स्यतेलातील ओमेगा-३ मध्ये त्याचे शरीरात होणारे रूपांतर अल्प असते. म्हणून दोहोंना समान मानणे योग्य नाही. बियांच्या आवरणातील पिच्छिल द्रव्य मलास मृदू करते, व लिग्नन या घटकांच्या बाबतीत जवस हा सर्वांत समृद्ध आहारद्रव्यांपैकी आहे. बियांत सायनाइडजनक द्रव्येही अल्प प्रमाणात असतात. भाजल्याने ती घटतात. जवस भाजून, कुटून, तिखट-मीठ-लसूण घालून चटणी करणारी आपली गृहिणी याबाबतीत शहाणीच म्हटली पाहिजे.

वाणांचे वैविध्य येथे पुन्हा आडवे येते. खाद्यतेलासाठी परदेशात अल्फा-लिनोलेनिक आम्ल अत्यल्प असलेले वाण मुद्दाम घडविण्यात आले. त्यांच्या बिया पिवळ्या असतात. पण हे आम्ल विपुल असणारे पिवळे वाणही आहेत. सारांश, रंगावरून गुण ठरत नाही. पुरवठादारास वाण व हंगाम विचारणे हाच मार्ग.

तेलाचा स्वभाव

जे रासायनिक वैशिष्ट्य या तेलास आहारात मोलाचे करते, तेच त्यास रंगकामात उपयोगी पाडते. हे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट पापुद्रा धरते. रंगकामाच्या ‘बॉइल्ड’ तेलात ते लवकर वाळावे म्हणून कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार मिसळतात. पूर्वी शिशाचेही मिसळत. असे तेल पोटात देणे सर्वथा वर्ज्य. तेलाने भिजलेली फडकी ढिगाने टाकल्यास आपोआप तापून पेट घेऊ शकतात, हे औषधनिर्मिती करणाऱ्यांनी विसरू नये. ती पसरून वाळवावीत अथवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

औषधालयासाठी काही सूचना

१) बी चालू हंगामाचे, कोरडे, खडे-मातीविरहित घ्यावे. चावून पाहावे; चव तेलकट-गोडसर असावी. खवट वास अथवा जिभेवर रेंगाळणारा कडूपणा आल्यास माल परत करावा.

२) अखंड बी हवाबंद डब्यात हंगामभर टिकते, चूर्ण टिकत नाही. महिनोन्महिन्यांचा चूर्णसाठा करून ठेवण्यापेक्षा मागणीनुसार थोडे थोडे दळावे.

३) तेल खाद्य प्रतीचे, थंड दाबाने काढलेले, गडद बाटलीत, लहान मापात ठेवावे. उघडल्यावर शीतपेटीत ठेवून काही आठवड्यांत संपविण्यास सांगावे. या तेलात तळण करू नये.

४) प्रत्येक बाटलीवर ‘खाण्याचे जवस तेल’ असे मराठीत ठळक लिहावे.

चिकित्सकांसाठी

मलावष्टंभात भाजलेल्या बियांचे भरड चूर्ण ३ ते ६ ग्रॅम या मात्रेने आरंभ करावा व पुरेसे पाणी घेण्यास बजावावे. अखंड बी बहुधा न पचताच बाहेर पडते, आणि पाणी कमी पडल्यास हेच पिच्छिल द्रव्य अवरोध करू शकते. आंत्रसंकोच, गिळण्यास त्रास, अम्लपित्त, रक्तपित्त व गर्भिणी अवस्थेत औषधी मात्रेत देऊ नये. रक्त पातळ करणारी आधुनिक औषधे चालू असल्यास विशेष सावध राहावे. इतर औषधे व जवस यांत एक-दोन तासांचे अंतर ठेवावे, अन्यथा औषधांचे शोषण मंदावते. पित्तप्रकृतीच्या व्यक्तीस शरद व ग्रीष्मात नित्यसेवन सुचविण्यापूर्वी सुश्रुतांचे ‘पित्तवर्धक’ हे विशेषण आठवावे.

उपनाहासाठी भरड पूड पाण्यात ढवळत शिजवावी. पिठल्याइतके दाट झाले की फडक्यावर पसरून, हाताच्या पाठीवर उष्णता पाहून, सोसवेल असे बांधावे. ओलसर उष्णता दीर्घकाळ धरून ठेवण्याचा याचा गुण विजेच्या पिशवीस नाही. जवसाचे तेल व चुन्याची निवळी समभाग घोटून भाजल्यावर लावण्याचा प्रघात जुना आहे. तथापि फोड फुटलेल्या अथवा खोल दग्धव्रणावर जंतुसंसर्गाच्या भयास्तव तो आता करू नये.

समारोप

आरंभी उल्लेखिलेल्या प्रसंगानंतर आमच्या चिठ्ठीतील मजकूर बदलला. आता आम्ही ‘खाण्याचे जवस तेल, औषधालयातूनच’ असे लिहितो व ‘रंगाच्या दुकानातून घेऊ नये’ हे तोंडीही सांगतो. एका ओळीचा फरक. परंतु द्रव्याचे नाम, रूप, वाण, काळ व संस्कार यांचा विचार त्या ओळीत आला. अतसी अत्यंत उपयुक्त आहे यात शंका नाही. तिची उपयुक्तता रुग्णापर्यंत जशीच्या तशी पोहोचविणे हे मात्र चिठ्ठी लिहिणारा वैद्य व बरणी उघडणारा औषधालयचालक या दोघांच्या हाती आहे. आपल्या औषधालयातील जवसाची बरणी आजच एकदा उघडून, हुंगून व चाखून पाहावी, ही सर्व वैद्यबंधु-भगिनींस नम्र विनंती.