हलकी गाडी, चपळ गाडी

शहागडच्या गोदावरी पुलावरून नारिंगी मोटारसायकल सुसाट गेली, की टपरीवरची पोरं चहा विसरतात. ही ३९० ड्यूक, २०१३ साली आलेली, पुण्याजवळच्या चाकणला बनणारी. पहिल्या गाडीचं इंजिन ३७३ सीसीचं, पण सिलिंडर एकच. म्हणून अंगानं अरुंद, वजन दीडशे किलोच्या आसपास. गंमत इथंच आहे. ताकद वाढवली तर गाडी नुसती पळते. वजन घटवलं तर पळते, वळते आणि लवकर थांबतेही. वळायचं त्या बाजूचं हँडल जरासं पुढं रेटलं, की कललीच! गझलेतली छोटी बहर म्हणा ना.

रात्री पुढं उसाची बिनदिव्याची ट्रॉली असली, तर मात्र चपळाई पुरत नाही. २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. करकचून ब्रेक दाबला तरी चाक अडकत नाही. ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर मात्र मालकालाच लावावा लागतो, आणि तिथंच चालढकल होते.