आरमाराकडे अधिकारपत्र मागणारा मंत्री

हैतीचे राजकारण म्हटले की दुवालिए बापलेक आणि त्यांचे काळ्या चष्म्यातले गुंड आठवतात. मला मात्र गेली कित्येक वर्षे वेड आहे ते आंतेनोर फिर्मँ यांचे. राष्ट्राध्यक्षपदाच्या उंबरठ्यापर्यंत पोचून आत न गेलेला हा माणूस!

पूर्वपीठिका झटपट उरकतो. जन्म १८५०, काप-हैतियन, बेताच्या परिस्थितीतले घर. शिक्षकी, वकिली, वर्तमानपत्र असे सगळे करून पाहिले. १८७९ मध्ये निवडणुकीत आपटले. पुढे पॅरिसला गेले आणि तिथल्या मानववंशशास्त्र संस्थेचे सदस्य झाले. गोऱ्यांची बुद्धी उपजतच वरचढ, हे तिथे कवट्या मोजमोजून सिद्ध केले जात होते. फिर्मँनी १८८५ साली साडेसहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहून गोबिनोच्या वंशश्रेष्ठतेच्या सिद्धान्ताला उत्तर दिले. त्याच संस्थेत एका सदस्याने त्यांना विचारले, तुमच्या पूर्वजांत कोणी गोरे होते का? ग्रंथ लिहूनही ही कथा!

आता माझ्या आवडीच्या प्रकरणाकडे येतो. १८८९ मध्ये इप्पोलीत राष्ट्राध्यक्ष झाले आणि फिर्मँकडे अर्थ व परराष्ट्र ही खाती आली. हैतीच्या वायव्य टोकाला मोल सँ-निकोला नावाचे खोल, सुरक्षित बंदर आहे. ६ डिसेंबर १४९२ रोजी, सेंट निकोलसच्या सणादिवशी, कोलंबस इथे उतरला, म्हणून हे नाव. समोर क्युबा, मध्ये जेमतेम ऐंशी किलोमीटरची सामुद्रधुनी. आगबोटींच्या त्या जमान्यात कोळशाचे कोठार ज्याच्या हाती, त्याचेच आरमार लांब पल्ला गाठणार. त्यात मध्य अमेरिकेतून कालवा निघणार, ही चर्चा होतीच. अमेरिकेची नजर मोलवर पडली नसती तरच नवल.

जानेवारी १८९१ मध्ये अॅडमिरल गेरार्डी ‘फिलाडेल्फिया’ युद्धनौका घेऊन पोर्ट-ओ-प्रिन्सला हजर झाले. तिथले अमेरिकेचे वकील होते फ्रेडरिक डग्लस, गुलामीतून पळून आलेला थोर वक्ता. अंगावर चाबकाचे वळ झेललेला माणूस एका बाजूला आणि गुलामांनी बंड करून मिळवलेल्या देशाचा मंत्री दुसऱ्या बाजूला! वाटाघाटींची सूत्रे मात्र अॅडमिरलकडे. इप्पोलीतना गादीवर बसवायला आम्ही मदत केली, आता परतफेड करा, असा एकूण सूर. फेब्रुवारीत लेखी मागणी आली: मोल आम्हाला भाड्याने द्या, आणि दुसऱ्या कुठल्याही देशाला बंदर देऊ नका.

फिर्मँनी ‘नाही’ म्हटले नाही. त्यांनी विचारले, आपले अधिकारपत्र कुठे आहे? राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांच्या सहीचे पत्र नसेल, तर मी वाटाघाट करायची तरी कोणाशी? कोर्टात मुरलेल्या वकिलाचा हा डाव. पत्र वॉशिंग्टनहून येईपर्यंत दोनेक महिने हातात पडले. एप्रिलमध्ये पत्र आले, सोबत आणखी युद्धनौकाही आल्या. बंदरात पांढऱ्या बोटींची रांग बघून गावात काय काय अफवा उठल्या असतील, कल्पना करा.

२२ एप्रिलला फिर्मँचे उत्तर गेले. दुसऱ्या कोणाला बंदर देऊ नका ही अट मानणे म्हणजे देशाच्या सार्वभौमत्वाला आणि राज्यघटनेच्या पहिल्याच कलमाला धक्का. शिवाय समोर एवढे आरमार उभे असताना होकार दिला, तर तो दडपणाखाली दिला असेच जग म्हणेल. ज्या तोफांच्या जोरावर मागणी आली, त्यांनाच नकाराचे कारण करून टाकले! हे उत्तर मला या शतकातल्या कुठल्याही परराष्ट्रमंत्र्याच्या खलित्याहून सरस वाटते. गेरार्डी रिकाम्या हाताने परतले.

अमेरिकी वर्तमानपत्रांनी खापर डग्लसांवर फोडले. मुलीकडे वॉशिंग्टनला गेलो तेव्हा त्यांचे टेकडीवरचे घर मुद्दाम पाहिले. मागच्या अंगणात दगडी, बिनखिडक्यांची एक खोली पुन्हा बांधून ठेवली आहे. तिथे डग्लस एकान्तात लिहायला बसत. राजीनामा दिल्यावर त्यांनी मोल प्रकरणाची आतली हकिकत लेखांतून मांडली. तिचे बरेचसे श्रेय या खोलीला द्यावे असे मला उगाच वाटते. घरातली मंडळी कंटाळून गाडीत जाऊन बसली होती, तरी मी तिथून हलेना.

फिर्मँची पुढची कहाणी पराभवाची. १९०२ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, यादवी पेटली. त्यांच्या बाजूच्या अॅडमिरल किलिक यांनी विरोधकांसाठी शस्त्रे नेणारे जर्मन जहाज अडवले. तेव्हा ‘पँथर’ ही जर्मन गनबोट चालून आली. ६ सप्टेंबरला गोनाईव्ह बंदरात किलिक यांनी खलाशांना उतरवले आणि दारूकोठाराला बत्ती लावून जहाजासह स्वतःला उडवून दिले. (हीच ‘पँथर’ १९११ मध्ये मोरोक्कोच्या अगादीरला जाऊन युरोपला युद्धाच्या तोंडाशी घेऊन गेली.) सत्ता नोर आलेक्सी यांच्याकडे गेली. फिर्मँ सेंट थॉमस बेटावर परागंदा झाले आणि १९११ मध्ये तिथेच वारले.

माझे एक मित्र म्हणतात, नकार देऊन मिळवले काय? १९१५ मध्ये अमेरिकी फौजा हैतीत घुसल्याच, त्या १९३४ पर्यंत राहिल्या. खरे आहे. पण घुसलेल्या फौजांना कधीतरी परत जावे लागते. करारावर सही झाली की गोष्ट वेगळी. अमेरिकेने १९०३ मध्ये समोरच्या क्युबाकडून ग्वांतानामोचा उपसागर भाडेपट्ट्याने घेतला. क्युबाचे सरकार त्याविरुद्ध ओरडून थकले, तळ अजून तिथेच आहे. मोलच्या किनाऱ्यावर असा तळ नाही.