मिगवाल्याबरोबर येलहंका

येलहंक्याच्या हवाई प्रदर्शनाची चाहूल बंगळूरच्या उत्तर भागात सगळ्यांत आधी लागते ती खाटकांना. एरो इंडिया जवळ आलं की हवाई दलाच्या तळाभोवतीच्या दहा-तेरा किलोमीटरच्या परिघात मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश महापालिका काढते. कारण साधं आहे. दुकानामागे टाकलेल्या आतड्या-चामड्यांवर घारी येतात, घिरट्या घालत वर चढतात आणि विमानाचं इंजिन समोर येईल ते आत ओढून घेतं. 1989 साली पॅरिसजवळच्या ल बूर्जेच्या प्रदर्शनात सोव्हिएत मिग-29 सावकाश, नाक वर उचलून चाललं असताना त्याच्या एका इंजिनात पक्षी गेला. विमान कलंडून नाकावर जमिनीकडे आलं. वैमानिक अनातोली क्वोचुर शेवटच्या क्षणी आसनासकट बाहेर फेकला गेला म्हणून वाचला. जगभरच्या छायाचित्रकारांनी टिपलेला तो अपघात पाहिल्यावर मटणाच्या दुकानांवरची बंदी कुणाला अतिरेकी वाटू नये.

हे सगळं मला आमच्या अण्णांनी येलहंक्याच्या वाटेवर सांगितलं. अण्णा मिगला होते. ओझर, निफाड, पिंपळगावच्या माणसाला एवढं पुरतं. इतरांसाठी सांगायचं तर हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या ओझरच्या कारखान्यात ते फिटर होते. हा कारखाना 1964 मध्ये निघाला तो मिग-21 साठी. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. सगळं जुळून आलं की चाचणी वैमानिक विमान वर न्यायचे आणि वसाहतीतल्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. विमानाच्या आवाजानं आमच्यातलं कुणी मान वर करत नसे. पाहुणे करत.

फेब्रुवारी 2003 मध्ये अण्णांची निवृत्ती जवळ आली होती. आयुष्यभर विमानं जोडली, पण विमानांचं प्रदर्शन कधी पाहिलं नाही, हे मला फार लागायचं. त्यांना अजिबात लागत नसे. ‘तिथं काय वेगळं उडणारे?’ हा त्यांचा प्रश्न. शेवटी सुखोईचं नाव काढलं तेव्हा ते तयार झाले. सुखोई-30 एमकेआय सप्टेंबर 2002 मध्ये पुण्याच्या लोहगावला हवाई दलात दाखल झालं होतं, आणि त्याची भारतातली बांधणी ओझरलाच होणार हे करारानं ठरलेलं होतं. आपल्या हाताखालून तयार झालेली पोरं आता काय बांधणार, ते त्यांना बघायचं होतं. मनमाडला कर्नाटक एक्स्प्रेस पकडली. 1 फेब्रुवारीला कोलंबिया यान कोसळून कल्पना चावला गेली होती. डब्यात ज्याच्या त्याच्या हातातल्या वर्तमानपत्रात तिचाच फोटो, आणि आम्ही निघालो होतो विमानांच्या कसरती बघायला. त्या अवघडलेपणावर कुणी बोललं नाही.

जमिनीवर मांडलेल्या विमानांजवळ मी अण्णांना सोडायला नको होतं असं म्हणण्याची वेळ आली. लोक विमानासमोर उभे राहून फोटो काढत होते. अण्णा विमानाखाली वाकून पत्र्याचे सांधे बघत होते. रिव्हेट बसलीय कशी, झाकणाच्या कडेला फट किती, रंगाखाली भरणी केलीय का, अशी त्यांची तपासणी चाललेली. एका परदेशी विमानाच्या पोटाशी त्यांनी इतका वेळ काढला की पहाऱ्यावरचा माणूस संशयानं जवळ आला. सुखोईपाशी मात्र ते थबकले. त्याच्या दोन्ही इंजिनांची मागची तोंडं जमिनीकडे लोंबत होती. मिगच्या हँगरमध्ये असं दिसलं असतं तर कुणाची तरी हजेरी घेतली गेली असती. त्यांनी तिथल्या हवाई सैनिकाला हिंदीत विचारलं, ‘हे असं खाली का पडलंय?’ तो हसला. म्हणाला, बाबूजी, उडताना बघा.

त्याचं उत्तर असं आहे की सुखोईच्या एएल-31एफपी इंजिनाचं नॉझल सांध्यावर हलतं. ते हायड्रॉलिक दाबावर चालतं. इंजिन बंद झालं, दाब उतरला की आपल्या वजनानं खाली येतं. दोष नाही, रचनाच तशी.

आधी सूर्यकिरण आले. हे पथक 1996 मध्ये बीदरला स्थापन झालं. बीदर कर्नाटकात असलं तरी उदगीर-लातूरकडच्या लोकांना ते घरचंच. विमान कोणतं, तर किरण: आपल्याकडेच आखलेलं प्रशिक्षण विमान, 1964 साली पहिल्यांदा उडालेलं. वेग बेताचा, रूप त्याहून बेताचं. पण त्या लाल-पांढऱ्या नऊ विमानांनी एकमेकांत काही मीटरचं अंतर राखून चौकट धरली आणि ती चौकट तशीच वाकवून उलटी केली, तेव्हा माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. अशा रांगेत समोर बघतो तो फक्त म्होरक्या. बाकीच्यांची नजर शेजारच्या विमानावर खिळलेली असते. त्याच्या अंगावरच्या ठरावीक खुणा एका रेषेत दिसत राहिल्या म्हणजे आपण जागेवर आहोत. जमीन कुठे आणि आभाळ कुठे, याची काळजी म्होरक्यानं करायची. मागे सुटणारा पांढरा धूर म्हणजे तापलेल्या झोतात सोडलेलं डिझेल. त्याची वाफ होते आणि थंड हवेत तिचे बारीक थेंब बनतात. रंग हवा असेल तर त्यात रंगद्रव्य मिसळायचं. सूर्यकिरणचे वैमानिक हवाई दलातले प्रशिक्षक असतात, ही गोष्ट निवेदकानं सांगितली तेव्हा अण्णांनी मान डोलावली. शिकवणाऱ्याचा हात स्थिर असतो, असं त्यांचं मत.

मग सुखोई. विमान आधी दिसलं आणि आवाज नंतर आला, कारण आवाजाला एक किलोमीटर कापायला तीन सेकंद लागतात. तो कानांपेक्षा छातीत ऐकू येतो. पण वेगानं जाणारी विमानं आम्ही ओझरला उदंड पाहिली होती. खरी गोष्ट घडली ती त्यानं वेग टाकल्यावर.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. पंखावरून हवा नीट वाहत राहिली तरच तो विमानाला उचलून धरतो. नाक फार वर केलं तर हवा पंखाच्या पाठीवरून सुटते, आधार जातो आणि विमान पडू लागतं. शेपटीचे पडदे हलवून उपयोग नसतो, कारण त्यांच्यावरूनही हवा वाहत नसते. मिग-21 ला तर ही भीती जन्मजात. सात मीटरांच्या आसपास रुंदीचा तो छोटा त्रिकोणी पंख आवाजाच्या दुप्पट वेगासाठी बनलेला. सावकाश चालणं त्याच्या स्वभावात नाही. ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगानं धावपट्टीवर टेकायचं आणि शेपटीची छत्री उघडून थांबायचं, हा मिगचा रिवाज. वेग कमी पडला तर मिग माफ करत नाही, हे ओझरच्या वसाहतीत पोरांनाही ठाऊक होतं.

आणि आमच्या डोळ्यांसमोर मिगच्या कितीतरी पट जड, बावीस मीटर लांबीचं विमान नाक आभाळाकडे करून जवळजवळ उभं राहिलं. विहिरीत सोडलेला पोहरा दोराला झोके खात राहावा तसं डोललं, तोंड फिरवलं आणि आलं त्या दिशेला चालू लागलं. पंख निकामी झाले होते तेव्हा ती मघाची लोंबती नॉझलं कामाला लागली होती. ती पंधरा अंशांपर्यंत वर-खाली वळतात. शिवाय दोन्हींच्या वळण्याच्या दिशा बाहेरच्या अंगाला तिरप्या ठेवल्या आहेत. त्यामुळे दोन्ही एकत्र वळली तर नाक वर-खाली जातं आणि उलटसुलट वळली तर विमान बाजूला फिरतं. हा हिशेब संगणक करतो. वैमानिकानं फक्त मागणी करायची.

अण्णांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ‘पंख मेला तरी हे मरत नाही,’ एवढंच म्हणाले. नंतर बराच वेळ ते त्या नॉझलच्या सांध्याबद्दल बोलत होते. एवढ्या उष्णतेत तो सांधा किती तास टिकेल, कोण बदलेल, किती वेळात बदलेल. कसरतीनं दिपून न जाता तिच्यामागची दुरुस्ती दिसणं, ही कारखान्यातल्या माणसाची नजर.

या खेळाची किंमत तेव्हा सगळ्यांनाच माहीत होती. सहाच महिन्यांपूर्वी, 27 जुलै 2002 रोजी, युक्रेनमधल्या ल्विव्हजवळच्या प्रदर्शनात सुखोई-27 प्रेक्षकांत घुसलं होतं. दोघे वैमानिक बाहेर पडले. 77 माणसं मेली. त्याआधी 1988 मध्ये जर्मनीतल्या रामस्टाइनच्या तळावर इटलीच्या पथकाची विमानं एकमेकांवर आदळली. धुरानं काढलेल्या हृदयाला एका विमानानं प्रेक्षकांच्या दिशेनं येऊन छेद द्यायचा, अशी ती आखणी होती. तीन वैमानिकांसह 70 जण गेले. ब्रिटननं आपला धडा 1952 सालीच घेतला होता. फार्नबरोत जॉन डेरींचं विमान हवेतच तुटलं आणि इंजिन टेकडीवरच्या गर्दीत पडलं. 29 प्रेक्षक आणि विमानातले दोघे दगावले. तेव्हापासून नियम कडक होत गेले. कसरत प्रेक्षकांना समांतर करायची, त्यांच्या रोखानं नाही; गर्दी आणि विमान यांच्यात मोजलेलं अंतर राखायचं; ठरावीक उंचीच्या खाली अमुक प्रकार करायचे नाहीत. येलहंक्यात आम्हाला धावपट्टीपासून इतकं लांब उभं केलं म्हणून लोक कुरकुरत होते. त्या अंतरातला एकेक मीटर माणसांच्या जिवावर मिळालेला आहे.

सुखोईच्या या कसरतीचाही असाच इतिहास आहे. 1999 च्या जूनमध्ये ल बूर्जेलाच सुखोई-30 चा हलत्या नॉझलचा नमुना गिरकीतून बाहेर येताना फार खाली आला, शेपूट जमिनीला घासली. पेटलेलं विमान कसंबसं वर चढलं आणि आतले दोघंही आसनांसकट सुखरूप बाहेर पडले. भारतात बांधणीचा करार त्यानंतर झाला. मला यात वावगं दिसत नाही. दोष विमानात होता की उंचीच्या हिशेबात, हे ओळखणं हेच तर खरेदीदाराचं काम.

एलसीए हे आपलं हलकं लढाऊ विमानही त्या वर्षी लोकांसमोर उडालं. तेजस हे नाव त्याला तीन महिन्यांनी मिळायचं होतं. 1983 मध्ये मंजूर झालेला प्रकल्प, 4 जानेवारी 2001 ला अठरा मिनिटांचं पहिलं उड्डाण. मधल्या काळात पोखरणनंतरच्या निर्बंधांमुळे अमेरिकेनं उड्डाण-नियंत्रणाच्या कामातली मदत काढून घेतली आणि ते काम इथल्याच अभियंत्यांनी पुरं केलं. सुखोईनंतर ते चिमुकलं विमान सरळसोट एक-दोन वळणं घेऊन गेलं तेव्हा गर्दी वडापावाच्या शोधात पांगली होती. अर्थात बंगळूरला तो मिळाला नाही. अण्णा एकटे शेवटपर्यंत उभे होते.

पुढचं लवकर सांगतो. नोव्हेंबर 2004 मध्ये ओझरहून पहिलं सुखोई हवाई दलाला मिळालं. सूर्यकिरणची किरण विमानं 2011 मध्ये प्रशिक्षणासाठी काढून घेतली गेली आणि काही वर्षांनी पथक हॉक विमानांवर पुन्हा उभं राहिलं. येलहंक्यातच 2007 च्या सरावात सारंग पथकाचं हेलिकॉप्टर पडलं, 2019 च्या सरावात सूर्यकिरणची दोन विमानं धडकली; दोन्ही वेळा एकेक वैमानिक गेला. मिग-21 सप्टेंबर 2025 मध्ये चंडीगडला निरोप घेऊन थांबलं. नोव्हेंबर 2025 मध्ये दुबईच्या प्रदर्शनात तेजस कोसळलं आणि विंग कमांडर नमांश स्याल यांचा मृत्यू झाला. त्यानंतर असे खेळ हवेतच कशाला, असं पुष्कळांनी लिहिलं. विमान विकत घेणारा देश कसरत बघून घेत नाही, हे खरं. पण सामान्य करदात्याला आपल्या पैशाचं काय झालं हे उघड्या डोळ्यांनी दिसण्याची तेवढी एकच जागा आहे. माझं म्हणणं इतकंच की कमी उंचीवरचा थरार थोडा कमी केला तरी बघणाऱ्याचं काही जात नाही. येलहंक्यात आम्हाला सगळ्यांत जास्त शिकवलं ते सावकाश चाललेल्या विमानानं.

दुबईच्या अपघाताच्या महिनाभर आधी, 17 ऑक्टोबर 2025 ला, ओझरला बांधलेलं पहिलं तेजस मार्क-1ए उडालं होतं. बातमी वाचून दाखवली तर अण्णांनी पहिला प्रश्न इंजिनाचा केला. ते अमेरिकेहून येतं, आणि वेळेवर येत नाही म्हणून विमानं खोळंबली आहेत, असं सांगितलं. ‘मग कोरापुटवाल्यांना आम्ही उगाच शिव्या घालायचो,’ अण्णा म्हणाले, आणि चष्मा मागून घेऊन उरलेली बातमी स्वतः वाचू लागले.