तांड्यावरच्या ताईची ताकद

परदेशात जाऊन तिथल्या गरीब मुलांना शिकवावं, असं स्वप्न आता उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीसारख्या गावातली तरुण मुलंमुलीही पाहतात. स्वप्न चांगलंच आहे. पण आफ्रिकेतल्या झांबियाच्या सरकारी शाळांत मुलांना वाचतं करणारी एक पद्धत चालते, आणि ती आपल्याकडच्या दहावी-बारावी झालेल्या मुलींच्या हातून घडत गेली, हे कळल्यावर मी थक्क झालो.

सुरुवात मुंबईच्या झोपडपट्ट्यांतली. अमेरिकेत रसायनशास्त्राची पीएचडी करून परतलेले माधव चव्हाण आणि समाजकार्य शिकवणाऱ्या फरीदा लांबे यांनी १९९५ च्या सुमारास 'प्रथम' ही संस्था उभी केली. वस्तीतलीच मुलगी नेमायची, तिला म्हणायचं बालसखी. तिसरी-चौथीत बसून ज्यांना अजून वाचता येत नाही अशी पंधरा-वीस मुलं तिने रोज दोन तास वेगळी घ्यायची. डीएड नाही, बीएड नाही, मानधन तुटपुंजं. अशी मुलगी काय साधणार, असं कुणालाही वाटावं.

२००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई-बडोद्यात हेच तपासलं. काही वर्गांना बालसखी दिली, काहींना नाही, आणि दोन्हीकडच्या मुलांची प्रगती ताडून पाहिली. बालसखीच्या वर्गांतली मुलं पुढे गेली, त्यातही सर्वांत मागे पडलेल्यांना जास्त लाभ झाला. बॅनर्जी आणि डफ्लो यांना मायकल क्रेमर यांच्यासह २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात या प्रयोगाचाही वाटा आहे.

यातलं मर्म इतकं साधं आहे की हे आधी का सुचलं नाही, असं वाटतं. अभ्यासक्रम दरवर्षी पुढे सरकतो. ज्याला पहिलीत अक्षरं उमगली नाहीत, तो पाचवीतही मागच्या बाकावर गप्प बसतो, कारण पाचवीचा धडा त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून आधी मुलाला जवळ बसवून एकच पान पुढे ठेवायचं. त्यावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठे अडलं ते काही मिनिटांत कळतं. मग इयत्ता आणि वय विसरून गट पाडायचे: अक्षरवाल्यांचा एक, शब्दवाल्यांचा एक, उतारावाल्यांचा एक. रोज गोष्ट ऐकायची, तिच्यावर बोलायचं, बाराखडीचा तक्ता एका सुरात म्हणायचा, जमिनीवर खडूने लिहायचं. येऊ लागलं की वरच्या गटात जायचं. दहा वर्षांचं मूल काही आठवड्यांत अक्षरांवरून शब्दांवर आणि शब्दांवरून वाक्यांवर येतं.

हेच पान घेऊन २००५ पासून 'असर' या शैक्षणिक पाहणीचे स्वयंसेवक ग्रामीण भारतात घरोघर जातात. जिल्ह्यातली ३० गावं, प्रत्येक गावात २० घरं. २०२४ च्या पाहणीतही ग्रामीण भारतात पाचवीतल्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. हा आकडा वाचून जीव तुटतो.

पुढे हे पान देशाबाहेर पडलं. पाकिस्तानात अशीच पाहणी सुरू झाली. २००९ मध्ये केनिया, टांझानिया, युगांडात 'उवेझो' नावाने. मग माली, सेनेगल, मेक्सिकोत. आणि २०१६ मध्ये झांबियाच्या सरकारने पूर्व आणि दक्षिण प्रांतांतल्या शाळांत गटवार शिकवणं आजमावलं. भारतातून 'प्रथम'ची माणसं प्रशिक्षणाला गेली, शिकवायला मात्र तिथलेच शिक्षक उभे राहिले. पूर्वेकडे चिन्यांजा, दक्षिणेकडे चिटोंगा. या भाषांतले शब्द बहुधा स्वरान्त अक्षरांचे असतात, त्यामुळे 'मा, मे, मी, मो, मू' असा तक्ता तिथे चपखल बसतो. कुठे मुंबईची झोपडपट्टी, कुठे झांबिया, आणि तरी तीच लय!

याउलट, परदेशी अनाथाश्रमात दोन आठवडे मुलांशी खेळून परतण्याच्या सहली विकल्या जातात. कंबोडिया आणि नेपाळमध्ये अशा आश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं उघड झालं आहे. पाहुणे येतात म्हणून मुलं घरापासून तोडली जातात. माझं मत स्पष्ट आहे: मुलाची भाषा येत नाही आणि महिन्याभरात निघून जायचं आहे, तर शिकवायला जाऊ नये.

आपल्या उमरखेड तालुक्यातल्या बंजारा तांड्यावर मूल घरी गोरमाटी बोलतं आणि शाळेत मराठी पुस्तक उघडतं. दोन्ही भाषा येणारी तांड्यावरची ताई त्या मुलासाठी जे करू शकते, ते लंडनहून आलेला कितीही तळमळीचा स्वयंसेवक करू शकत नाही. ढाणकी ही या परिसराची बाजारपेठ. आसपासच्या वस्त्यांवरून इथे ये-जा करणारी शिकलेली मुलंमुली कमी नाहीत. त्यांना एवढंच सांगणं आहे: या सुट्टीत शेजारच्या पाचवीतल्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातली एक गोष्ट वाचायला द्या. अडला, तर रोज एक तास त्याच्यासाठी काढा.