नफा चौपट, बाजारमूल्य निम्म्यावर

मार्च २००० अखेर इन्फोसिसचे बाजारमूल्य ५९,३३८ कोटी रुपये होते आणि नुकत्याच संपलेल्या आर्थिक वर्षाचा नफा सुमारे २९४ कोटी. भागाकार केला की पीई गुणोत्तर येते २०२. वर्षाला १ रुपया कमावणाऱ्या धंद्यासाठी बाजार २०२ रुपये मोजत होता.

मार्च २००४ अखेर नफा होता १,२४४ कोटी, बाजारमूल्य ३२,९०९ कोटी आणि पीई साडेसव्वीस. नफा चार वर्षांत सव्वाचार पट झाला, म्हणजे वर्षाला सरासरी ४३ टक्के वाढ. एवढी कमाई करूनही लाभांश सोडला तर भागधारकाच्या शंभराचे पंचावन्न उरले. कंपनी कुठेच कमी पडली नव्हती. कमी पडला तो २०२ या आकड्यातला हिशेब.

तो असा मांडता येतो. पीई २०२ वरून साडेसव्वीसवर आला, म्हणजे ७.६ पटींनी आक्रसला. तेवढ्या काळात बाजारमूल्य नुसते जागच्या जागी राहायचे, तर नफाही ७.६ पट व्हायला हवा होता. वर्षाला ६६ टक्के. तेही मुद्दल शाबूत राखण्यापुरते, परतावा शून्य.

बहुतेक पडझड पहिल्याच वर्षी झाली. २०००-०१ मध्ये नफा दुपटीहून जास्त, ६२९ कोटींवर गेला आणि बाजारमूल्य २६,९२६ कोटींवर घसरले, पीई ४३. पुढची तीन वर्षे तो साडेतीस, २८, साडेसव्वीस असा सावकाश उतरला. आणि २००० च्या मार्चमध्ये पुढच्या वर्षीचा नफा कुणाच्या कानात देवाने आधीच सांगितला असता, तरी त्या नफ्यावरही पीई ९४ च भरला असता!

पीई उतरतो तो नफा वाढल्याने किंवा भाव पडल्याने. इथे दोन्ही एकदम झाले. नुसता पीईचा आलेख पाहणाऱ्याला मात्र शेअर दरवर्षी ‘स्वस्त’ होत गेलेला दिसतो.

उलटी फसगत पोलादासारख्या चढउतारांच्या धंद्यात होते. मार्च २०२२ ला संपलेल्या वर्षात टाटा स्टीलचा एकत्रित नफा ४१,७४९ कोटी होता आणि पीई जेमतेम ४. पुढच्या वर्षी नफा ८,०७५ कोटींवर आला, त्यापुढच्या वर्षी ४,९१० कोटींचा तोटा. तोट्याला पीई नसतोच. तरी मार्च २०२४ अखेर शेअर १५६ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे विभाजन जमेस धरता दोन वर्षांपूर्वीच्या १३१ रुपयांहून वर. पीई ४ दिसत होता तो भाव पडल्यामुळे नव्हे, नफा शिखरावर असल्यामुळे. म्हणूनच एका वर्षाचा नफा न धरता निदान पाच, शक्यतो सात किंवा दहा वर्षांची सरासरी धरावी, असे गुंतवणूकशास्त्राचे अभ्यासक बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ मध्येच सुचवले होते.