आधी मास्तर, मग शाळा
(लेखमाला : हुशार मुलं, अडलेल्या वाटा – लेखांक ७)

घरची ओढाताण असलेलं गुणी मूल वर्गात बरेचदा गुणी दिसतच नाही, हे आपण मागच्या लेखांकात पाहिलं. गणित सगळ्यांआधी सोडवून ते खोड्या काढतं, वही अर्धवट ठेवतं, कापणीच्या दिवसांत गायब होतं. अशा मुलाला ओळखायचं आणि टिकवायचं कसं, हे शिक्षकाला कोण शिकवणार? या प्रश्नाला शंभर वर्षांपूर्वी ग्वाल्हेरने एक उत्तर दिलं होतं, तेही गाण्याच्या शाळेत.

ग्वाल्हेरची गायकी शिकायची तर पूर्वी गुरूच्या घरी राहणं आलं. पडेल ते काम करायचं, प्रसंगी माधुकरी मागायची. मर्जी झाली तर तालीम. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोशींकडून ही विद्या घेऊन महाराष्ट्रात आले, म्हणून त्यांचं नाव राहिलं. मध्येच गळालेल्यांची नोंद कुठे नाही.

ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी संगीत विद्यालयाचा बेत केला, तेव्हा संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंडे यांनी आधी शिक्षक तयार करायला घेतले. ग्वाल्हेरच्या निवडक गवयांना मुंबईत धडे दिले. राजाभैया पूछवाले त्यांपैकीच. गळा आधीच तयार होता. शिकायची होती ती शिकवण्याची पद्धत आणि स्वरलिपी : कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र स्वराला खाली टिंब, तार स्वराला वर. जानेवारी १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय उघडलं. बंदिश कागदावर आली आणि शिष्याचं शिकणं गुरूच्या लहरीवर अवलंबून राहिलं नाही.

पण स्वरलिपी साऱ्या वर्गाला एकच धडा देते. चार पावलं पुढे असलेल्या मुलाने काय करायचं? आणि घरी चूल पेटत नसेल तर संध्याकाळच्या वर्गाला यायचं कसं?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ग्वाल्हेर घराण्यातल्याच विष्णु दिगंबर पलुसकरांनी त्याआधीच शोधलं होतं. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, शाळेची वाट बंद झाली आणि मिरजेत बाळकृष्णबुवांकडे ते गाणं शिकले. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढल्यावर त्यांनी उपदेशक वर्ग चालवला. निवडलेल्या मुलांचं राहणं, जेवण, शिक्षण विनामूल्य. बदल्यात कितीतरी वर्षं तिथेच राहायचं आणि पुढे शिक्षक व्हायचं. गरिबीत वाढलेले ओंकारनाथ ठाकूर पलुसकरांच्याच हाताखाली घडले आणि विशीच्या आसपासच लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य झाले. या उदारपणाची किंमतही मोठी होती : पुढे कर्जापायी पलुसकरांच्या मुंबईच्या विद्यालयाची इमारत गेली. अशी मुलं सांभाळायला कळकळ लागते तसा पैसाही लागतो, आणि तो एकट्या गुरूच्या खिशातून किती दिवस निघणार?

आज शिकवण्याची पद्धत आणि मुलाच्या पोटापाण्याची सोय, दोन्ही शिक्षकाच्या तयारीत हव्यात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बी.एड.मध्ये प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणाचा विशेष अभ्यास ठेवायला मुभा दिली आहे. त्यात निदान तीन गोष्टी असाव्यात. एक, मुलाला गुणांवरून नव्हे तर त्याच्या प्रश्नांवरून जोखणं. दोन, धडा लवकर संपवणाऱ्याला आणखी वीस तशीच गणितं न देता एकच अवघड गणित देणं. तीन, सरकारी वाटा तोंडपाठ असणं. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पात्र मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पाचवीत नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा देता येते. ग्वाल्हेरजवळच्या घाटीगावकडच्या एखाद्या सहरिया आदिवासी वस्तीतल्या आईबापांना हे कळणार ते शिक्षकाकडूनच. त्यालाच तारीख ठाऊक नसेल तर मुलाची हुशारी फॉर्मपर्यंत पोचतच नाही.

ही तयारी आठवड्याच्या एखाद्या शिबिरात होत नाही. राजाभैयांसारख्या कसलेल्या गवयालाही शिकवण्यासाठी पुन्हा विद्यार्थी व्हावं लागलं होतं, नुकताच बी.एड. झालेला शिक्षक त्यातून सुटेल कसा?

(पुढील लेखांकात : वर्गातलं मूल जोखायच्या पाच साध्या पद्धती)