पिकअपचा बंपर : केशोरीतल्या वेल्डिंग दुकानातला एक दिवस

सकाळी ७
शटर उघडायच्या आधीच दारात पिकअप उभी आहे. धान भरणं आटोपत आलंय, मिरचीची तोडणी सुरू झालीय. या दिवसांत केशोरीत गाडी एक दिवसही बसवून ठेवणं कुणाला परवडत नाही. गोठणगावकडून येताना रात्री रानडुक्कर आडवं आलं. बंपर डावीकडून चेपून चाकाला टेकलाय, हेडलाइटची काच फुटलीय.

"सांजच्याले भेटन का जी गाडी?" मालक विचारतो.

गाडी मिळेल. पण त्याला बंपर नकोय, गार्ड हवाय. "मजबूत पायजे भाऊ. वर दोन पाइप, मधात जाळी. डुक्कर काय, बैल आला तरी गाडीले काही होऊ नये."

सकाळी ८
मी त्याला चहा पाजतो आणि खाली वाकून चासी दाखवतो. कंपनीचा बंपर चेपला म्हणजे धक्क्याचा बराचसा जोर त्याने स्वतःच्या अंगावर घेतला. बंपरचे ब्रॅकेट वाकलेत, चासीचे दोन्ही शेंडे मात्र सरळ आहेत. इथे न वाकणारा जाड पाइप असता, तर तोच धक्का चासीत आणि तिथून स्टिअरिंगवर बसलेल्या माणसापर्यंत गेला असता. एअरबॅग असलेल्या गाडीत तर अशा गार्डामुळे ती उघडायची वेळ चुकू शकते. आणि पुढे डुकराऐवजी सायकलवरचा माणूस असेल, तर छातीच्या उंचीवरचा तो पाइप त्याचा जीव घेईल.

कायद्याचंही सांगतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार लावलेल्या गाड्यांवर कारवाई करायला सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड होऊ शकतो, कैदेचीही तरतूद आहे.

आमची मजुरी किलोवर असते. जड गार्ड केला तर माझा फायदा जास्त. तरीही मी तो करत नाही. मूळ मापाचा, मूळ जागी बसणारा बंपर करून देतो. मालक थोडा वेळ गप्प राहतो, मग म्हणतो, "बरं, तुमच्या मनानं करा जी."

सकाळी ९
आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. मग जुना बंपर उतरवून फरशीवर ठेवायचा आणि चांगल्या उजव्या बाजूवरून पुठ्ठ्याचा फर्मा कापायचा. तोच उलटा केला की डावी बाजू मिळते. बोल्टच्या भोकांमधलं अंतर, जमिनीपासूनची उंची, नंबर प्लेटची जागा, रेडिएटरसमोरची मोकळी जागा, सगळं खडूने भिंतीवर लिहून ठेवतो. मदतीला आयटीआय केलेला मुलगा आहे. माप दोनदा घ्यायचं हे त्याला सांगावं लागत नाही.

सकाळी १०
पत्रा ३ मिलिमीटरचा. लांबी १.६ मीटर, वळवायच्या कडा धरून रुंदी ३० सेंटिमीटर. लोखंडाचा १ मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो, त्या हिशेबाने हा साधारण सव्वाअकरा किलो. ६ मिलिमीटरचा घेतला तर वजन दुप्पट, आणि ते सगळं पुढच्या चाकांच्याही पुढे लटकणार. पाटे, बेअरिंग, टायर यांना तो भार रोज वाहावा लागतो. बंपरला ताकद येते ती वळवलेल्या कडांमुळे आणि मागच्या आडव्या पट्टीमुळे.

पत्रा वळवायचं मोठं मशीन आमच्याकडे नाही. वळणाच्या रेषेवर ग्राइंडरच्या पातळ व्हीलने निम्म्या जाडीपर्यंत खाच पाडायची, पत्रा दोन अँगलमध्ये आवळायचा आणि लाकडी ठोकळा ठेवून हातोड्याने सावकाश खाचेच्या बाजूला वळवत न्यायचा. गुण्या लावून काटकोन बघायचा आणि मग खाच वेल्डिंगने भरून घ्यायची. दोन्ही टोकं मागे, चाकाकडे वळवतो. उघडी धार कुठेच राहू देत नाही. बाजारच्या दिवशी गर्दीतून गाडी निघते, तेव्हा कुणाचं लुगडं, कुणाची पिशवी, कुणा पोराचा हात त्या टोकाला घासून जातो.

दुपारी १२
वेल्डिंग. ६०१३ चा ३.१५ मिलिमीटरचा रॉड, करंट शंभर अँपिअरच्या आसपास. आधी सगळीकडे नुसते टाके मारायचे, बंपर चासीला लावून बघायचा आणि उतरवूनच पक्कं वेल्डिंग करायचं. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग ओढत गेलं, तर तापून पत्रा पीळ खातो. म्हणून दोन इंच इकडे, दोन इंच तिकडे, मग मध्ये. रॉड योग्य चालला की आवाज एकसारखा, बारीक चरचर असा येतो. करंट कमी पडला तर रॉड चिकटतो, जास्त झाला तर पत्र्याला भोक पडतं. खपली झाडली की खाली सारख्या अंतराच्या लाटा दिसायला हव्यात.

मालक बघायला जवळ येतो, मी त्याला पाठ फिरवायला लावतो. आर्क डोळ्याला लागली की रात्रभर डोळ्यांत वाळू खुपते.

दुपारी २
डबा. भात, वरण, ठेचा. एवढ्यात वीज गेली, म्हणून ब्रॅकेट व्हाइसमध्ये धरून कानशीने हाताने साफ करतो.

दुपारी ३
वीज आली. ब्रॅकेट चासीला वेल्ड करायचे नाहीत, ८.८ ग्रेडच्या बोल्टनेच कसायचे. वेल्डिंगच्या उष्णतेने चासीचं लोखंड टाक्याच्या कडेला कमजोर होतं आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तिथूनच तडा जातो. शिवाय बोल्ट असला की पुढच्या वेळी एकटा बंपर बदलता येतो.

दुपारी ४
ग्राइंडिंग, मग रेड ऑक्साइड, आतल्या बाजूनेही. गंज नेहमी आतून धरतो, चिखल तिथे साचतो. थंडीत प्रायमर वाळायला वेळ लागतो. तेवढ्यात मागच्या फाळक्याची बिजागरी बघून घेतो आणि खाली लाल रेडियमची पट्टी चिकटवतो. रात्री धानाचे कट्टे घेऊन ही गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली, तर मागून येणाऱ्याला ती दिसली पाहिजे.

सायंकाळी ६
काळा रंग मारून, नवी काच बसवून बंपर कसतो. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघतो, चाक कुठे घासत नाही. हेडलाइट भिंतीवर टाकून तिचा झोत खाली घेतो. वजन करतो, हिशेब करतो. गार्डाचे झाले असते त्याहून बरेच कमी पैसे होतात.

मालकाला दोनच गोष्टी सांगतो. आठवड्याने बोल्ट पुन्हा आवळून घे. आणि नवेगावच्या जंगलपट्ट्यात रात्री गाडी चाळिसाच्या वर नेऊ नको. चितळ असो की डुक्कर, ते त्याच्या वाटेने जात असतं. त्याला आणि तुला दोघांनाही वाचवेल तो वेळेवर दाबलेला ब्रेक, आणि त्यासाठी माझ्याकडे कुठलाच पत्रा नाही.